काळी माती, मुरमाचा चढ आणि गाडीवरचा ताबा: मॅन्युअल व ऑटोमॅटिक गाडी रस्त्याबाहेर कशी चालवावी

मराठवाड्यात डांबरी रस्ता सोडून गाडी खाली उतरवणे हा केवळ हौशी लोकांचा विषय नाही. आखाड्यावर जायचे तर पाणंद लागते, पाणंदीला ओढा आडवा येतो, ओढ्यापलीकडे मुरमाचा चढ असतो आणि चढ संपला की पुन्हा काळे रान पसरलेले असते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही ऑटोमॅटिक गाड्या आल्या असून, आयुष्यभर क्लच दाबत आलेली माणसे त्याच सवयींनी त्या चालवू लागली आहेत. उलट शहरात ऑटोमॅटिकवरच हात बसलेली मुले गावी आली की घरची जुनी जीप बांधावर चढवताना क्लच जाळतात. दोन्ही गाड्या एकाच वाटेने जाऊ शकतात, परंतु त्यांना ताब्यात ठेवण्याची रीत वेगळी आहे. ती का वेगळी आहे हे नीट समजले, तर अवघड जागी काय करावे हे पाठ करण्याची गरज पडत नाही.

इंजिन आणि चाक यांच्यामधला सांधा

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि चाक यांच्यामधला सांधा चालकाच्या डाव्या पायाखाली असतो. पाय पूर्ण वर असताना क्लच प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर घट्ट दाबलेली असते आणि इंजिनाची प्रत्येक हालचाल चाकापर्यंत पोहोचते. पाय पूर्ण खाली गेला की सांधा तुटतो. आणि पाय अर्ध्यावर राहिला, म्हणजे ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो त्या अवस्थेत, प्लेट घसरत राहते व तापते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत हाच सांधा तेलाचा असतो. बंद भांड्यात समोरासमोर दोन पाती-चक्रे असतात. एक इंजिनासोबत फिरून तेल ढकलते, दुसरे त्या तेलाच्या रेट्याने फिरते, आणि मधले तिसरे लहान चक्र परतणाऱ्या तेलाला अशी दिशा देते की, गाडी जागची हलत असताना चाकाला मिळणारा जोर जवळपास दुप्पट होऊ शकतो.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. तेलाचा सांधा लवचीक असल्यामुळे ऑटोमॅटिक गाडी दगडापुढे थांबली तरी बंद पडत नाही आणि तिचा जोर झटका न देता वाढतो. मात्र त्याच लवचिकतेमुळे उतारावर इंजिन चाकांना तितके घट्ट धरून ठेवत नाही. मॅन्युअलचे नेमके उलट असते: चढावर ती चालकाची चूक लगेच दाखवते, पण खालच्या गिअरमध्ये उतारावर तिच्याइतकी भरवशाची पकड दुसरी नाही. म्हणूनच रस्त्याबाहेर प्रत्येक क्षणी एकच प्रश्न मनात असावा: या घडीला गाडी कोण धरून आहे, इंजिन की ब्रेक?

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला फार गरजेचे वाटते, कारण वापरलेली गाडी घेणाऱ्यांची तिथेच फसगत होते. क्लचचे पेडल नाही म्हणजे सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या, असे नाही. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी ही मुळात मॅन्युअलच असते. तिचा क्लच पायाऐवजी यंत्र दाबते, त्यामुळे चढावर ती मागे सरकू शकते आणि रेंगाळत चालवल्यास तिचाही क्लच तापतो. दोन क्लच असलेल्या आणि ते क्लच तेलात बुडालेले नसलेल्या, म्हणजे कोरड्या डीसीटी गिअरबॉक्सलाही खडकाळ चढावर इंचाइंचाने चालणे मानवत नाही. रस्त्याबाहेरच्या गाड्यांत म्हणूनच टॉर्क कन्व्हर्टर दिसतो: २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये सहा गिअरची ऑटोमॅटिक आहे, तर २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीत चार गिअरची. दोन्ही गाड्या मॅन्युअलमध्येही मिळतात. या लेखात ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचीच गाडी समजावी.

डांबर सोडण्यापूर्वी

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणाऱ्या गाडीत लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची जादा जोडी, टाकायला बरेच जण उशीर करतात. गाडी अडकल्यावर लो रेंज टाकणे म्हणजे पेरणी उलटल्यावर बियाणे शोधणे होय. अवघड जागा दिसताच, सपाटीवर गाडी पूर्ण थांबवून, मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबून आणि ऑटोमॅटिकमध्ये गिअर न्यूट्रलला घेऊन लो रेंज लावावी. त्यामुळे चाकाचा जोर दुपटीहून वाढतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. साध्या फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा टू व्हील ड्राइव्हवर यावे, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत आणि तो ताण सगळा गिअरच्या दात्यांवर येतो.

स्टेअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नयेत, ते कडेवर ठेवावेत; चाक दगडावर आपटले की स्टेअरिंग हिसका देते आणि अंगठा मोडू शकतो. बोलेरो किंवा पिकअपसारखी मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी असेल तर मागे थोडे वजन असलेले बरे, पण ते घट्ट बांधलेले असावे.

चढ

बालाघाटाच्या रांगेत, पाटोद्याकडच्या भागात, मुरूम आणि सुट्या दगडगोट्यांचे चढ पावलोपावली लागतात. अशाच एका चढावर मी मॅन्युअल गाडी हाफ क्लचवर तोलून धरली होती, कारण पुढचा दगड चुकवायचा की त्यावरूनच जायचे हे ठरत नव्हते. अर्ध्या मिनिटात नाकाला झोंबणारा जळका वास आला, पेडल मऊ लागू लागले, आणि इंजिन ओरडत असताना गाडी मात्र जागची हलेना. प्लेट गेली होती. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: चढ आधी पायी चढून पाहायचा, चाक कुठून न्यायचे ते दगडागणिक ठरवायचे, आणि मगच गाडीत बसायचे.

मॅन्युअल गाडी चढावर नेताना लो रेंजचा पहिला किंवा दुसरा गिअर पायथ्याशीच निवडावा, क्लच पूर्ण सोडून सांधा घट्ट झाल्यावरच चढाला लागावे आणि माथा येईपर्यंत डावा पाय क्लचपासून दूर ठेवावा. मध्येच गिअर बदलला तर तेवढ्या क्षणापुरती गाडी कोणीच धरलेली नसते, आणि मुरमावर तेवढा क्षण मागे घसरायला पुरतो. ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवावा. चाक फिरून खडे उडवू लागले तर पाय किंचित उचलावा, दाबू नये.

ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर नुसता ‘डी’वर (ड्राइव्ह) ठेवला, तर गिअरबॉक्स स्वतःच्या हिशोबाने वर-खाली करत राहतो आणि नेमका नको तिथे वरचा गिअर घेतो. म्हणून मॅन्युअल मोडमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर बांधून घ्यावा. दगडावरून चढताना ऑटोमॅटिकची खरी सोय कळते: डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून उजव्या पायाने जोर वाढवत नेला, की चाक दगडावर हळूच चढते आणि चढताच ब्रेकने त्याला पलीकडे आदळू न देता उतरवता येते. ही दोन पायांची पद्धत शहराच्या रस्त्यावर मुळीच वापरू नये. शिवाय अनेक नव्या गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबले की इंजिनाचा जोर तोडतात, त्यामुळे आपली गाडी काय करते ते आधी मोकळ्या जागी तपासून घ्यावे.

चढ अर्ध्यात फसला, तर त्यानंतरचे दहा सेकंद सर्वांत महत्त्वाचे असतात. मॅन्युअलमध्ये घाबरून पहिल्यांदा क्लच दाबला जातो, आणि तीच चूक घातक ठरते, कारण गाडीला धरणारा एकमेव सांधा आपणच तोडतो. आधी ब्रेक दाबावा आणि इंजिन बंद पडत असेल तर पडू द्यावे. मग हँडब्रेक ओढून, ब्रेक तसाच ठेवून, क्लच दाबून रिव्हर्स गिअर टाकावा, गाडी सुरू करावी, हँडब्रेक सोडावा, आणि क्लच हळू सोडत इंजिनाने गाडी पेलल्याचे जाणवले की ब्रेक सोडत सरळ मागे यावे. ऑटोमॅटिकमध्ये काम सोपे आहे: ब्रेक, रिव्हर्स, आणि ब्रेक हळूहळू सैल. मात्र तिचे इंजिन एखाद्या कारणाने बंद पडलेच, तर गिअरमध्ये असूनही गाडी थांबून राहणार नाही, दोन-तीन दाबांनंतर ब्रेक कडक होईल आणि स्टेअरिंग जड होईल. अशा वेळी ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून, हँडब्रेक लावून, ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’वर (न्यूट्रल) येऊन गाडी सुरू करावी. गाडी कोणतीही असो, चढावर आडवी वळवून परतण्याचा प्रयत्न करू नये. गाडी कलंडते ती बहुतेक तिथेच.

उतार

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा जाणता ट्रॅक्टरचालक उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकतो आणि मग क्लचला पाय लावत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचे काय होते, हे गळिताच्या हंगामात आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेले आहे. गाडीलाही हेच लागू पडते.

मॅन्युअलमध्ये लो रेंजचा पहिला गिअर टाकून दोन्ही पाय पेडलांवरून काढून घ्यावेत. पहिल्या खेपेस हे अंगावर येते. गाडीचे तोंड खाली झुकलेले असते, समोर फक्त दरड दिसते आणि पाय आपोआप क्लचकडे धावतो. परंतु तो न लावता पाहिले, तर गाडी माणसाच्या चालीने, घुरघुरत, एकाच वेगात उतरते. वेग जास्त वाटला तर ब्रेक अलगद लावावा, पण त्यासोबत क्लच दाबू नये. शहरात वर्षानुवर्षे लागलेली ही जोडीची सवय मोडण्यासाठी शेताच्या एखाद्या कमी उंचीच्या बांधावर वीस-पंचवीस वेळा सराव करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर बांधून घेतला तरी गाडी मॅन्युअलपेक्षा मोकळी धावते, त्यामुळे ब्रेकची जोड लागतेच. तो थोडा-थोडा आणि सुरुवातीपासून लावावा. वेग वाढल्यावर जोरात दाबला, तर सुट्या मुरमावर चाके लॉक होऊ पाहतात, चाके लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा त्यांना सोडत राहते आणि थांबण्याचे अंतर वाढते. उतारावर वेग आपोआप धरून ठेवणारे हिल डिसेंट कंट्रोल असल्यास ते अवश्य वापरावे. ते एकेका चाकाला ब्रेक लावत असल्याने खालून करकर आवाज येतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही. मात्र लांब उतारावर मध्ये थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत.

दोन्ही गाड्यांत मागचा भाग बाजूला सरकू लागला तर ब्रेक सोडून किंचित ॲक्सिलरेटर द्यावा. हे मनाविरुद्ध वाटते खरे, पण चाके पुन्हा फिरू लागली तरच ती वळवलेल्या दिशेला जातात.

काळी माती

खडक क्षमा करतो, काळी माती करत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही जमीन पाऊस पडला की फुगते, आणि तिच्यातली चिकण माती टायरला अशी लपेटते की चार फेऱ्यांत नक्षीचे सगळे खाचे भरून टायर गुळगुळीत होतो. त्यावर आणखी थर बसत जातो, तो मडगार्डला लागतो, आणि एक वेळ अशी येते की जोर असूनही चाक फिरत नाही. एका जूनमध्ये दुसऱ्या पावसानंतर मी पाणंदीच्या तोंडाशी थांबलो होतो, तेव्हा बांधावर बसलेल्या वयस्कर शेतकऱ्याने सांगितले, “दादा, अजून वापसा झाला नाही. औत चालत नाही तिथं तुमची गाडी कुठं चालायची?” वापसा म्हणजे जमीन औत चालण्याइतकी सुकणे. इतका अचूक सल्ला मला कोणत्याही पुस्तिकेत मिळालेला नाही. मूठभर माती हातात दाबून सोडावी. ती फुटली तर जावे, बोटांना चिकटून गोळा राहिला तर एक दिवस थांबावे.

जाणे भागच असेल, तर येथे गती टिकवणे हेच तंत्र आहे. मॅन्युअलमध्ये लो रेंजचा दुसरा गिअर घ्यावा, कारण पहिल्यात चाक फार लवकर जागीच फिरते. आणि चिखल संपेपर्यंत गिअर बदलू नये, कारण क्लच दाबताच चिखल गाडीला जागेवर थांबवतो. या बाबतीत ऑटोमॅटिक निश्चित वरचढ आहे: जोर कधीच तुटत नाही. तीतही दुसरा गिअर बांधून घ्यावा. ट्रॅक्शन कंट्रोल चाक फिरू लागताच इंजिनाचा जोर कमी करते, म्हणून चिखलात आणि वाळूत ते बंद करावे. उलट खडकात एखादे चाक हवेत लटकत असेल, तर तेच यंत्र त्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देते, म्हणून तिथे चालू ठेवावे. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत गाडीचे पोट टेकणार असेल, तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेवर घेऊन चालावे.

गोदावरीच्या पात्रातल्या वाळूचा स्वभाव वेगळा आहे. तिथे टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली, की टायर पसरतो आणि रुतण्याऐवजी वर तरंगतो. सोबत कंप्रेसर नसेल तर हा उपाय करू नये, कारण त्या हवेवर डांबरी रस्त्याने वेगात जाणे धोक्याचे आहे. पेरलेल्या रानात गाडी घालू नये. तसेच गौताळा किंवा नायगाव मयूर अभयारण्यासारख्या जागी वनविभागाच्या परवानगीशिवाय वाट सोडू नये.

पाणी

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान गाडी उचलू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. येथे गिअरबॉक्सचा प्रश्नच उरत नाही. संथ ओढा असेल तर काठी घेऊन आधी पायी ओलांडावा, आणि मग खालच्या गिअरमध्ये, पुढे एक छोटी लाट राहील एवढ्याच वेगाने जावे. मॅन्युअलमध्ये पाण्यात क्लच दाबू नये, कारण प्लेटमध्ये पाणी शिरून ती घसरू लागते. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी.

गाडी रुतल्यावर

चाक जागी फिरू लागले की पाय ताबडतोब काढावा. प्रत्येक जादा फेरी गाडीला आणखी खाली नेते. मॅन्युअलमध्ये पहिला आणि रिव्हर्स आलटून-पालटून गाडी हेलकावता येते. ऑटोमॅटिकमध्ये असे करताना प्रत्येक वेळी चाक पूर्ण थांबल्यावरच लिव्हर हलवावा, आणि चार-पाच प्रयत्नांपलीकडे जाऊ नये, कारण तेल झपाट्याने तापते. तेलाच्या तापमानाचा दिवा लागला तर ‘पी’वर येऊन इंजिन चालूच ठेवावे, तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालत असल्याने ते थंड होण्याचा मार्ग तोच आहे. क्लच तापला असेल तर मात्र पेडलवरून पाय काढून गाडी तशीच वीस मिनिटे उभी ठेवावी.

चाकापुढची माती फावड्याने उतरती करून पोती किंवा तुराट्या घालाव्यात. वाळलेल्या तुराट्या गरम सायलेन्सरला टेकल्या तर पेट घेऊ शकतात, याचे भान ठेवावे. शेवटी ट्रॅक्टर येतोच. दोर बंपरला न बांधता चासीच्या हुकाला बांधावा आणि तो ताणला जात असताना जवळ कोणालाही उभे राहू देऊ नये. ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये चिखलातून सावकाश बाहेर ओढण्यास हरकत नाही, पण चाके जमिनीवर ठेवून गावापर्यंत ओढत नेऊ नये, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. बॅटरी उतरली तर तिला ढकलून सुरूही करता येत नाही, म्हणून एकट्याने लांबच्या रानात जाताना जंपर केबल सोबत असावी.

घरी आल्यावर त्याच दिवशी चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल पाण्याने काढावा. काळी माती वाळली की दगडासारखी होते, चाकाचा तोल बिघडवते, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर वेग घेतला की स्टेअरिंग थरथरू लागते. अनेक जण तेव्हा अलाइनमेंटला धावतात. आधी रिमच्या आत हात घालून तो वाळलेला गोळा शोधावा. पाण्यातून गेलेल्या ऑटोमॅटिकचे तेलही तपासून घ्यावे: ते लालसर आणि स्वच्छ असावे. दुधाळ गुलाबी दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजून, तेल बदलेपर्यंत गाडी चालवू नये.